‘खारी’वरच्या टिपा

१० नोव्हेंबर

हॉर्टनचं चौथं प्रकरण आज पुन्हा फाडलं. नऊ वर्षं मी या माणसाचं चरित्र लिहितो आहे आणि त्याच्यावर एकही बरं वाक्य सुचलेलं नाही. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन लेखक. वॉशिंग्टनमध्ये एका सरकारी खात्याचा ग्रंथपाल. एक कादंबरी लिहिली, ती कुणी वाचली नाही. आयुष्यात सांगण्यासारखी गोष्ट एकच. त्याचा एक मित्र कवी होता आणि पोटासाठी सरकारी कारकून. कवितांमुळे वरिष्ठाने त्याला नोकरीतून काढलं. हॉर्टनने त्याच्या बाजूने एक जळजळीत पुस्तिका लिहिली. कवी मोठा झाला. हॉर्टन त्या कवीच्या चरित्रात तळटिपेत सापडतो.

‘अशा माणसाबद्दल मराठीत कोण वाचणार?’ असं मालतीने आज जेवताना विचारलं. मालती माझी बायको. प्रश्न बरोबर आहे. पण ज्या बाईने माझीही कादंबरी अर्ध्यात सोडली, तिने तो विचारू नये.

मी ज्या कार्यालयाचा ग्रंथपाल आहे, तिथल्या ग्रंथालयात आज दोन वाचक आले. दोघंही फोन चार्ज करायला.

१४ नोव्हेंबर

कार्यालयाचं स्नेहसंमेलन. आमचं हे तटीय अभिलेख संचालनालय. खाडी कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते, हे ठरवणं आमचं काम. बेलापुरात काचेच्या इमारतीत बसून आम्ही ते ठरवतो. जेवण होतं, म्हणून सगळे आले होते. उपसंचालकांनी दोन जुनी हिंदी गाणी म्हटली. टाळ्या पडल्या. हा माणूस सुरात नाही हे सांगण्याची कुणाची छाती नव्हती.

मग गोटीराम उठला. गोटीराम आवक-जावक विभागात लिपिक आहे. पावणे गावचा आगरी, वय पंचेचाळीस, आवाज मासळी बाजारातला. गेल्या वर्षी त्याने ‘खारी’ नावाचा कवितासंग्रह स्वखर्चाने छापला. खारी म्हणजे खाडी. प्रुफं मी तपासली होती, कारण इथे दुसऱ्या कुणाला प्रुफं तपासता येत नाहीत. बोलीतल्या कविता. यमकं ठोकळेबाज, वृत्त ढिसाळ. त्याने हे म्हटलं:

खारी मोजाला सायेब आला, टेप त्याचा छोटा,
भरती आली तवा बोलला, दर्याच हाय खोटा.

सगळं सभागृह हसलं. हसून झाल्यावर सगळ्यांनी उपसंचालकांकडे पाहिलं, हीच चूक झाली. फक्त हसले असते तर चाललं असतं.

घरी येताना या दोन ओळी डोक्यातून जात नव्हत्या. ढिसाळ वृत्ताचं हेच असतं. कुठेतरी अडकतं.

१९ नोव्हेंबर

गोटीराम निलंबित. ‘वरिष्ठ अधिकाऱ्याची जाहीर बदनामी.’ दुपारी तो ग्रंथालयात आला. हातात वडापावचा कागद.

‘सर, सस्पेंड झालो. पार्टी कवा देऊ?’

‘हा विनोदाचा प्रसंग नाही.’

‘मंग काय रडू? बसा, वडा खा. गरम हाय.’

वडा तेलकट होता. खाल्ला. गोटीरामची नोकरी प्रकल्पग्रस्ताची आहे. शहर उभं करताना त्यांची भातखाचरं गेली, त्याबदल्यात घरटी एक नोकरी. त्याच्या घरात ती एकच मिळाली, आणि तीही बापाच्या चपला झिजल्यावर. बाप गेला. आई आहे, सखूबाई.

‘नोकरी गेली ना सर, तर आय मना घरान घेनार नाय,’ तो म्हणाला. ‘ती बोलते, तू कामाला नाय जात. तू आपल्या शेतावं जातंस. आता शेतच सस्पेंड केला मी.’

मी त्याला सांगितलं की मी त्याची बाजू मांडेन. त्याने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. कवी लोक कृतघ्न असतात. हॉर्टनच्या कवीनेही पहिल्या भेटीत असंच पाहिलं असणार.

२२ नोव्हेंबर

चौकशी अधिकारी म्हणून झेबा मुकादम यांची नेमणूक. मूळच्या उरणच्या. वय चाळीसच्या आत. विज्ञानाची पदवी. साहित्याच्या प्रकरणावर विज्ञानाची पदवीधर नेमायची, हे या कार्यालयाला शोभतं.

त्या स्वतः ग्रंथालयात आल्या. ‘खारी’ची प्रत हातात होती. बसायच्या आधी दार लावून घेतलं.

‘सर, ऋणनिर्देशात तुमचं नाव आहे. म्हणून आले. मला तुमच्याकडून दोनच ओळी हव्यात.’

‘कोणत्या?’

‘की या कवितेतला साहेब काल्पनिक आहे. कोणत्याही जिवंत व्यक्तीशी संबंध नाही. तुम्ही जाणकार आहात, तुमचं मत मी अहवालाला जोडते. संपलं. फाइल बंद.’

‘काल्पनिक?’

‘हो.’

‘मॅडम, या पुस्तकात एक शब्दसुद्धा काल्पनिक नाही. तीच त्याची एकमेव गुणवत्ता आहे. बाकी वृत्तदोष आहेत, शुद्धलेखन तर बोलूच नका. पण प्रत्येक ओळीखाली घडलेली गोष्ट आहे.’

‘सर,’ त्या म्हणाल्या. ‘मी ते विचारलेलं नाही.’

‘तुम्ही विचारायला हवं होतं.’

त्यांनी पुस्तक बंद केलं. ‘दोन ओळी, सर. जास्त नको. खरंच जास्त नको.’

आळशी बाई. दोन ओळींत काम उरकायचं, घरी जायचं. साहित्याला काल्पनिक म्हटलं की त्याचे दात पाडता येतात, हे अशा लोकांना बरोबर कळतं. मी दोन ओळी देणार नाही. हॉर्टनने दोन ओळी दिल्या नव्हत्या.

३० नोव्हेंबर

पावण्याला गेलो. पुस्तिकेसाठी संदर्भ हवे होते. संदर्भाशिवाय विधान म्हणजे चहाच्या टपरीवरची गप. कारखान्यांच्या भिंतींमधून वाट काढत गोटीरामच्या घरी पोचलो. खाली चार खोल्या भाड्याने दिलेल्या, वर हे राहतात. सगळीकडे रसायनाचा वास. सखूबाई अंगणात सुकट निवडत होत्या.

‘आय, हे आमचे सर. पुस्तकवाले.’

‘बस,’ त्या म्हणाल्या. ‘जाडा नाय झालास तू. बायको खायला घालत नाय?’

मी मुद्द्यावर आलो. टेपची कविता. त्या हसायला लागल्या ते थांबेनात.

‘तो सायेब! आता तुमचे हापिसान मोठा झालाय तो. अरे, खारीन गेला ओहोटीला. आमी बोललो, सायेब, पानी येल. बोलतो, मना शिकवू नका. मंग पानी आला. कंबरेपर्यंत भिजला बघ. पँट पिळत आला आमचे घरी. मी त्याला माझा लुगरा दिला नेसाला. इकरंच बसला व्हता, तू बसलास तिथं. चा पिला.’

‘आणि मोजणी?’

‘मोजनी कसली? लुगरा नेसून खारीन जाल काय कोनी? बसल्या बसल्या लिवला ना त्यानं. हितून तितपर्यंत.’ त्यांनी हात लांब करून दाखवलं.

मी लिहून घेत होतो. गोटीराम अस्वस्थ झाला.

‘सर, हे नका लिवू.’

‘का? हा तर कवितेचा गाभा आहे.’

‘म्हनूनच मी कवितेत लुगरा नाय घातला. मानसाची लाज असते. भिजून आयला, आमचे घरान बसला, चा पिला.’

‘आणि अंगणात बसून सरकारी मोजणी केली.’

‘ते पन नाय घातला. टेप छोटा बोललो, बस. ज्याला कळाचा त्याला कळला.’

कवीला स्वतःच्या सामग्रीची किंमत कळत नाही. हे मी आधीही पाहिलं आहे. निघताना सखूबाईंनी सुकटीची पुडी दिली. मालतीला वास सहन होत नाही. मी ती घेतली.

९ डिसेंबर

पुस्तिका पूर्ण. ‘‘खारी’: एक भूमिका आणि टिपा’. लेख लांब झाला, टिपा त्याहून लांब. गेल्या वीस वर्षांत इतकं वेगाने लिहिलेलं नाही. पहिल्या टिपेत मोजणीची तारीख, गाव, सर्व्हे क्रमांक आणि त्या जागेवर आज कोणतं गोदाम उभं आहे ते दिलं आहे. लुगड्याचा उल्लेख एकाच वाक्यात, संयमाने. माहिती देणारीचं नाव नियमाप्रमाणे शेवटी.

सखूबाईंवरच्या कवितेसाठी वेगळी टीप आहे.

जमीन गेली, नोकरी आली, आय बसली खुर्चीवं,
हात खाली सोरून बघते, माती हाय का भुईवं.

या ओळी मी रात्री मालतीला वाचून दाखवल्या, फक्त वृत्तदोष दाखवायला. तिने पुस्तिका मागून घेतली आणि सगळी वाचली. माझ्या कादंबरीला तिने एवढा वेळ दिला नव्हता.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘हे त्याच्या बाजूने आहे की विरुद्ध?’

ती बँकेत होती. तिथे बाजू दोनच असतात, जमा आणि नावे.

१२ डिसेंबर

पुस्तिकेच्या प्रती दिल्या. झेबा मुकादमांना, संचालकांना, उपसंचालकांना, आणि एका मासिकाच्या संपादकाला. संपादक छापणार नाही. त्याला संस्कृत येत नाही, लेखात संस्कृत अवतरणं आहेत.

संध्याकाळी मुकादमांचा फोन.

‘सर, ही प्रत तुम्ही फक्त मला दिली आहे ना?’

‘सगळ्यांना दिली आहे.’

त्या काहीच बोलल्या नाहीत. चांगल्या गद्यापुढे माणूस असा गप्प होतो. फोन ठेवताना त्या एवढंच म्हणाल्या, ‘दोन ओळी मागितल्या होत्या, सर.’

३ जानेवारी

सुधारित दोषारोपपत्र निघालं. आता बदनामीबरोबर ‘सरकारी मोजणीविषयी खोटी माहिती पसरवणे’ हाही आरोप. शिक्षेचा प्रस्ताव: बडतर्फी. पुरावा म्हणून माझी पुस्तिका जोडली आहे. अवतरणं अचूक आहेत, हे मान्य करतो. पण टिपांचे क्रमांक गाळले आहेत. त्यामुळे कोणता संदर्भ कशाचा, हे कुणालाच कळणार नाही. टीप लिहिणाऱ्याचा याहून मोठा अपमान नाही. मी लेखी निषेध नोंदवला.

गोटीराम फोन उचलत नाही. चार वेळा केला. पुस्तिकेतून त्याला मी मराठी कवितेच्या परंपरेत जागा मिळवून दिली आणि हा माणूस फोन उचलत नाही. हॉर्टनचं आणि त्याच्या कवीचं पुढे दहा वर्षं बोलणं नव्हतं. कारण मला आजवर सापडलेलं नाही.

मी मार्चअखेर निवृत्त होतो. ग्रंथालय बंद करून तिथे सर्व्हरची खोली करणार आहेत असं ऐकतो. सर्व्हर निदान चार्जिंगला येणार नाहीत.

९ जानेवारी

सखूबाई ग्रंथालयात आल्या. एकट्या. पावण्याहून रिक्षाने. शिपाई त्यांना आत सोडत नव्हता, त्याला म्हणाल्या, ‘तुझा हा दरवाजा माझे भातान हाय.’ बहुधा खरं नसेल. त्यांचं भात पावण्याला होतं, बेलापूरला नाही. पण शिपायाला भूगोल येत नाही.

त्या माझ्यासमोर बसल्या.

‘मास्तर, तू पुस्तकान माझा नाव लिवलास?’

‘लिहिलं. माहितीचा स्रोत म्हणून. ते आवश्यक असतं.’

‘दाखव.’

मी पान काढलं. त्यांनी नावावर बोट ठेवलं. वाचता येत नाही. बराच वेळ बोट तिथेच होतं.

‘हा मी?’

‘हो.’

‘आता पुस.’

‘छापलेलं पुसता येत नाही.’

‘मंग छापलास कशाला?’

याचं उत्तर मी दिलं, संदर्भाची परंपरा वगैरे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. हे फार थोडे लोक करतात. मग म्हणाल्या, ‘गोट्यानं नाय लिवला हा. लुगरा, गोदाम, नंबर. गोट्या असा लिवत नाय. तू लिवलास.’

‘टिपा मी लिहिल्या. कविता त्याची.’

‘मना काय कळतं? पुस्तक तुझे हातान हाय. वरती तुझा नाव हाय. तूच लिवलास.’

त्या उठल्या. दारात मुकादम उभ्या होत्या. कधी आल्या माहीत नाही. दोघी बोलत बोलत लिफ्टकडे गेल्या. त्यांना एकमेकींशी बोलायला काय असेल, कळत नाही. एक अशिक्षित आणि एक विज्ञानाची.

२१ जानेवारी

चौकशीची सुनावणी. जे घडलं ते क्रमाने लिहितो.

गोटीरामला विचारलं, कविता कुणाची? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘सरांची.’

मला आधी ऐकू आलं ते बरोबर आहे यावर विश्वास बसला नाही.

‘मी नुसत्या वाचून दाखवल्या, मॅडम. मी आगरी, म्हनून सर बोलले, तू तुझे नावान छाप, तूच वाच, लोकांना आवरंल. लिवल्या सरांनी. आमच्या पावण्याला येऊन बसले, आयला विचारला, सगला लिवून घेतला. आय साक्ष देल. मना एवरा लिवाला येतं का? आवक-जावकचा मानूस मी.’

इतकं सफाईदार खोटं त्याने कवितेत कधी लिहिलेलं नाही.

मुकादमांनी पुस्तिका पुढे ओढली. म्हणाल्या की टिपांवरून लेखकाला प्रत्येक ओळीमागची घटना माहीत होती हे स्पष्ट दिसतं, त्यामुळे विधान विश्वसनीय वाटतं. या बाईला शैलीचा गंध नाही. ‘खारी’मधला हात आणि माझं गद्य, यांत आंधळ्यालाही फरक कळेल. एक धावतं, एक उभं राहतं.

‘सर, या कविता तुमच्या आहेत का? हो किंवा नाही.’

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. पण त्या थांबल्या नाहीत. ‘नोंदीसाठी एक वाचते,’ म्हणाल्या, आणि वाचलं:

‘खाडी मोजायला साहेब आला, टेप त्याचा छोटा, भरती आली तेव्हा बोलला, दर्या आहे खोटा.’

‘असं नाही,’ मी म्हणालो.

‘पुस्तकात असंच आहे.’

‘पुस्तकात असं नाही. ‘खारी मोजाला.’ ‘तवा.’ आणि ‘दर्याच हाय खोटा.’ तो ‘च’ काढलात की सगळी कविता बुडाली. साहेब चुकला नाही, टेप चुकला नाही, दर्या-च खोटा. त्या एका ‘च’मध्ये त्या माणसाचा सगळा आव आहे.’

‘मग तुम्ही म्हणा.’

मी म्हणालो. सगळी म्हणालो. मग ती खुर्चीची, मातीची. पुस्तक न उघडता. टंकलेखक टंकायचा थांबला होता. आणि मला कळलं की मला यातली एकेक कविता येते, माझ्या कादंबरीतलं एक पान येत नाही.

‘तुमच्याच वाटतात,’ मुकादम म्हणाल्या. ‘हो लिहू?’

उपसंचालक घड्याळाकडे बघत होते. गोटीराम बुटांकडे.

‘लिहा,’ मी म्हणालो.

सही करताना निवेदनातला ‘खाडी’ खोडून मी ‘खारी’ केला.

२४ जानेवारी

मालतीला सांगितलं. मला वाटलं, ती निवृत्तिवेतनाबद्दल विचारेल. तिने विचारलं नाही. म्हणाली, ‘बरं झालं.’ मग फोडणीला सुकट टाकली. तिलाच वास सहन होत नाही. बायकांचं तर्कशास्त्र मी कधीच सोडवत बसत नाही.

१७ फेब्रुवारी

निकाल. गोटीराम पुन्हा कामावर. मला ठपका, आणि निवृत्तीचा सत्कार रद्द. एवढ्यावर भागलं याचं आश्चर्य वाटलं म्हणून मुकादमांना विचारलं. त्या म्हणाल्या, बडतर्फीचं प्रकरण मंत्रालयात जातं आणि सोबत सगळी कागदपत्रं जातात. टिपांसकट. सत्कार रद्द करायला मंत्रालयात जावं लागत नाही. उपसंचालकांनी स्वतःच सुचवलं की निवृत्त होणाऱ्या माणसाला फार त्रास देऊ नये. मला वाटतं पुस्तिकेतलं गद्य त्यांच्यापर्यंत पोचलं असावं. उशिरा का होईना.

सत्काराचं दुःख नाही. शाल, नारळ आणि उपसंचालकांचं गाणं.

संध्याकाळी बाहेर पडलो तर फाटकाजवळ गोटीराम मोटरसायकलवर बसलेला. सुनावणीनंतर पहिल्यांदाच समोर.

‘सर, शिव्या घाला.’

‘तुला शिव्या द्यायला तुझी योग्यता हवी.’

‘बरोबर.’ तो हसला. ‘आय बोलली, सरांना जेवाला आन. मासली केली हाय. तुमच्या बायकोला पन आना.’

मी म्हटलं, बघू.

‘सर, काल एक नवीन लिवली. ऐकवू?’

आजूबाजूला सुटलेलं कार्यालय चाललं होतं. दोघातिघांनी माझ्याकडे बोट दाखवलं. एक मुलगी म्हणाली, ‘ते बघ, ते टेपवाले कवी.’ गोटीरामने ऐकलं. मान खाली घातली नाही, वर केली नाही. नुसता थांबून राहिला.

‘ऐकव,’ मी म्हणालो. ‘आणि नीट लिही. नाव माझं जातं.’